काळ्या वाळूतली माहेरवाशीण

“आणि हे तू मला आत्ता सांगतेस? गाडी पेठ नाक्यावर आल्यावर?”

“मलाच काल संध्याकाळी कळलं, मॅडम. फोन केला असता तर तुम्ही म्हणाला असता, सकाळी बोलू.”

“म्हणालेच असते. आणि सकाळी म्हणाले असते, परिषदेत पेपर वाचून झाल्यावर बोलू. माझं अजूनही तेच म्हणणं आहे.”

“पण आकडे खोटे आहेत.”

“खोटे आहेत असं कोण म्हणतं? तो फाउंड्रीतला म्हातारा. चहा पिता पिता. अगं, चहा पिता पिता माणसं काहीही बोलतात. आमच्याकडे तर रोज सकाळी देश चालवतात.”

वैजयंताला हसू आलं नाही. मांडीवर लॅपटॉपची पिशवी, पिशवीवर दोन्ही हात आणि त्या हातांत सगळा जीव, अशी ती पुढच्या सीटवर बसली होती. गाडी चालवत होत्या त्या डॉ. चारुशीला लिमये, तिच्या पीएचडीच्या मार्गदर्शक. सांगलीच्या, गावभागातल्या; वाक्य पुरं केल्याशिवाय श्वास न घेणाऱ्या. येत्या जूनमध्ये त्या निवृत्त होणार होत्या आणि त्याच जूनमध्ये वैजयंताच्या पीएचडीची मुदतही संपत होती. मुदतवाढ मागायची तेवढी मागून झाली होती. प्रबंध लिहून तयार होता. एखाद्या परिषदेत स्वतः उभं राहून पेपर सादर केल्याचं प्रमाणपत्र तेवढं त्याला जोडायचं राहिलं होतं, आणि ते आज साताऱ्यात मिळणार होतं.

“प्रयोगशाळेतले आकडे खरे आहेत ना?” चारुशीलाबाईंनी विचारलं.

“ते खरे आहेत.”

“मग झालं तर.”

“प्रयोगशाळेत पंप होत नाहीत, मॅडम. पंप फाउंड्रीत होतात. माझ्या प्रबंधाच्या नावातच फाउंड्री आहे.”

“मग घे पुन्हा चाचण्या. डॉक्टर होऊन घे. तुला कोण अडवतंय?”

“डॉक्टर झाल्यावर कोण घेतं पुन्हा चाचण्या? तुम्ही घेतल्यात?”

चारुशीलाबाईंनी गिअर असा बदलला, की गाडीलाही उत्तर मिळालं. गाडी कराडकडे धावत राहिली.

खरं सांगायचं तर या भांडणात वैजयंताला हरायचं होतं. सांगलीतून निघाल्यापासून ती एकेक मुद्दा पुढे करत होती तो अशा आशेनं, की मॅडम तो सहज खोडून काढतील आणि आपल्याला म्हणता येईल, बरं बाई, तुम्ही म्हणता तसं. पण मॅडम खोडून काढत होत्या ते मुद्दे खोडले जात नव्हते. पाटीवर ओल्या फडक्यानं पुसावं आणि पाटी वाळली की अक्षरं पुन्हा दिसावीत, तसं चाललं होतं.

रहिमतपूरच्या मान्यांची ही मुलगी. वडील फौजेत सुभेदार. सुट्टीवर आले की घरातलं सगळं बिघडलेलं अंगणात मांडून बसायचे, कधी पंप, कधी शिलाई मशीन, कधी शेजाऱ्यांची सायकल. आणि पाना धरायला वैजूला हाक मारायचे. थोरल्या पोराला नाही. बारावीनंतर ती मेकॅनिकलला जाणार म्हटल्यावर चुलत्यांनी विचारलं होतं, “पोरगी काय ट्रॅक्टर दुरुस्त करणार हाय का?” आणि सुभेदार म्हणाले होते, “करंल की. तुजा बी करंल.”

ती शिकली, सांगलीजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागली, मानसिंग मोहित्यांशी लग्न झालं. तेही फौजेतच, सध्या अशा ठिकाणी, की जागेचं नाव फोनवर सांगता येत नाही. सांगलीत घरी सासूबाई आणि सृष्टी, शाळेत जाणारी लेक. सगळं रांगेत लागलं होतं. फक्त नावाआधी डॉक्टर नव्हतं.

आणि गंमत अशी, की कॉलेजात परिषद म्हटली की वैजयंता मोहितेच. पेपर वाचायला नव्हे, परिषद उभी करायला. समईच्या वाती आदल्या दिवशीच तेलात भिजवून ठेवायच्या, म्हणजे प्रमुख पाहुण्यांची पहिल्याच काडीला फजिती होत नाही, हे तिचं शास्त्र. फुलांचे गुच्छ, छातीवर लावायची नावं, जेवणाची कुपनं, शाली, नारळ, सूत्रसंचालन. आवाज चांगला होता ना तिचा. राष्ट्रीय परिषद आंतरराष्ट्रीय कशी होते तेही तिला पाठ होतं: परदेशातला एक पाहुणा पडद्यावर यायचा, नमस्ते म्हणायचा, सभागृह टाळ्या वाजवायचं आणि तेवढ्यात नेट जायचं. पेपर वाचायला आलेली निम्मी माणसं आपला पेपर झाला की प्रमाणपत्र घेऊन दुपारच्या गाडीला लागायची. उरलेली जेवायची आणि मग लागायची. वैजयंता दाराशी टेबल टाकून सगळ्यांना पिशव्या वाटत असायची आणि मनात म्हणायची, आपला नंबर येऊ दे, मग बघा.

नंबर तसा आलाही होता. दोनदा. दोन्ही पेपर तिनंच लिहिलेले, दोन्ही विभागप्रमुखांनी वाचलेले. तिचं नाव तिसरं. ती लॅपटॉपपाशी बसून पुढचं पान सरकवायला. “नेक्स्ट,” ते म्हणायचे, आणि ती बटण दाबायची. त्या काळात घरीसुद्धा सृष्टी तिला चिडवायची, भाजी वाढताना ताट पुढे करून म्हणायची, “नेक्स्ट.”

यंदा मात्र विभागात तोंडी निरोप आला होता. जूननंतर डॉक्टरेट नसलेल्यांना खुर्ची नाही. नव्यानं आलेली, तिच्याच हाताखाली शिकलेली मुलं डॉक्टर होऊन बसली होती आणि तिला अजून मॅडम म्हणत होती, ते तिला जास्त लागायचं.

विषय मात्र तिचा स्वतःचा होता. सासरच्या गावाजवळ साखर कारखाना. त्याच्या मागं चिपाडाच्या राखेचा ढीग. वारं सुटलं की वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके. राखेला कुणी विचारत नव्हतं. फाउंड्रीत काळ्या वाळूचे साचे करतात, त्यात वितळलेलं लोखंड ओततात. वाळूतल्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट लागते. वाट मिळाली नाही की ती लोखंडातच अडकते आणि तिथं भोक राहतं. पंपाच्या आवरणाला असं भोक असलं की ते आवरण वाया, पुन्हा फोडून भट्टीत. वैजयंताला वाटलं, ही हलकी राख वाळूत मिसळली तर वाफेला वाट मिळेल. प्रयोगशाळेत तसं झालंही. मग कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांनी तिला चाचण्या घ्यायला परवानगी दिली आणि साच्यांच्या खात्यातल्या मुख्य मिस्त्रींच्या हवाली केलं.

ते हंबीरराव. पहिल्याच दिवशी, राखेची पोती उतरवून घेताना, त्यांनी विचारलं होतं, “कुटल्या म्हनायच्या ताई तुमी?”

“रहिमतपूरची.”

“आँ? कुनाच्या?”

“सुभेदार मान्यांची.”

हंबीररावांनी हातातलं पोतं टाकलं, टोपी काढली, पुन्हा घातली. ते रहिमतपूरचेच; पोटासाठी कुपवाडला येऊन केस पांढरे झालेले. सुभेदार नुकतेच वारले होते, हे त्यांना गावाकडून कळलं होतं. खांद्यावरचा टॉवेल काढून खुर्ची पुसली आणि म्हणाले, “बसा.” तेव्हापासून ते तिचे हंबीरनाना झाले. तिच्या चहाला बशी यायला लागली. त्या खात्यात बशी कुणालाच मिळत नव्हती, मालकांनासुद्धा.

कामाची रीत अशी होती. वैजयंता कॉलेज सुटल्यावर यायची, राख आणि वाळू स्वतः मिसळायची, साचे भरून घ्यायची, प्रत्येकावर आपला छोटा शिक्का उमटवायची. लोखंड ओतायचे ते संध्याकाळनंतर, कारण भट्टी तेव्हा तयार व्हायची. तोवर तिला घरी पोचायचं असायचं. साचे फोडायचे सकाळी. ती यायची दुसऱ्या दिवशी दुपारी आणि मग तिच्या शिक्क्याची चांगली किती, वाईट किती, ते मोजायची.

पहिल्या खेपेला बहुतेक सगळी वाया गेली. भोकंच भोकं. दुसऱ्या खेपेला बरी निघाली. तिसऱ्या खेपेला आणखी बरी. वैजयंताला वाटलं, पाण्याचं प्रमाण आता आपल्याला साधायला लागलं. तिनं त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. आलेख असा सुरेख उतरत गेला, की चारुशीलाबाईंनी चष्मा वर करून म्हटलं, “वैजयंता, हे देखणं आहे गं.” शास्त्रात देखणं म्हणायची त्यांची पद्धत नव्हती.

आणि काल संध्याकाळी ती कुपवाडला गेली होती ती निमंत्रण द्यायला. नानांनी उद्या साताऱ्याला यावं, मागं बसून ऐकावं, एवढीच इच्छा. नाना खूश. रात्री गावाकडं मुक्काम करतो म्हणाले, सकाळी रहिमतपुरातनं साताऱ्याची एसटी धरतो. चहा आला, बशी आली. मग नाना जवळ सरकून हलक्या आवाजात म्हणाले, “ताई, आता झालंच हाय तर सांगतू. तुमचं काम आमी वाया जाऊ दिलं न्हाई.”

“नाही कसं,” ती म्हणाली. “तुमच्यामुळंच झालं सगळं.”

“तसं न्हवं. पयल्या खेपंला सगळी भोकाची निगाली, तवा तुमी त्या वाळूच्या ढिगापाशी तोंड फिरवून हुबं ऱ्हायला, पदरानं डोळं पुसलं. तुमास्नी वाटलं कुनी बगितलं न्हाई. म्या बगितलं. तवाच पोरास्नी सांगितलं, सुभेदाराची लेक हाय. हितनं फुडं हिची भोकाची निगाली की सकाळच्याला फोडून भट्टीत.”

वैजयंता अजून हसतच होती. कान ऐकत होते, चेहऱ्याला खबर पोचली नव्हती.

“पण नाना, मोजमाप तर बरोबर भरायचं. जेवढे साचे, तेवढी आवरणं.”

“भरंल न्हाई तर काय. तुमचा शिक्का कुनाकडं असायचा? माज्याकडंच की. आमच्या रोजच्या वाळूचं साचं भरून त्यावर उटवायचा, आन त्यातली चांगली चांगली तुमच्यात मिसळायची.” नाना खूश होऊन मांडीवर थाप मारत म्हणाले, “चार-दोन भोकाची ठेवायचो बरं का मुद्दाम. सगळीच चांगली निगाली तर साहेब लोक इस्वास ठेवत न्हाईत. आन दर खेपंला एकदोन कमी करत न्ह्यायची.”

तो सुरेख उतरता आलेख. तो असा काढला होता.

“नाना,” तिच्या तोंडून कॉलेजातली भाषा कुठल्या कुठं गेली, “तुमी असं का वो केलं?”

“का म्हंजी?” त्यांना प्रश्नच कळला नाही. “गावची लेक कामाला दारात आली आन रिकाम्या वटीनं माघारी गेली, असं आमच्यात कवा झालंय का? सुभेदार वर बसून बगत्याती. मालकास्नी बी ठावं न्हाई, तुमी बी कुटं बोलू नगा.”

तिनं चहा संपवला. बशी कपाखाली नीट ठेवली. येते म्हणाली, आणि स्कूटरपाशी आल्यावर किल्ली कुठल्या हातात आहे हे तिला बराच वेळ सापडेना.

तर हे सगळं तिनं आज सकाळी गाडीत सांगितलं होतं, आणि आता उंब्रज मागं पडलं तरी चारुशीलाबाई समोर बघत होत्या.

“म्हणजे पहिल्या खेपेचे आकडे तेवढे खरे,” शेवटी त्या म्हणाल्या.

“हो. आणि ते आकडे म्हणतात, राखेचा काही उपयोग नाही.”

“किंवा म्हणतात, पाणी चुकलं. तुला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. मग आजच सगळं मोडून कशाला घालायचं? ऐक माझं. मी जूनमध्ये घरी जाते आहे. माझ्यानंतर तुला नवा मार्गदर्शक कोण देणार? विषय नव्यानं, नोंदणी नव्यानं. तोवर तुझी नोकरी कुठे असेल? आणि तू तिथे उभी राहून काय सांगणार आहेस, त्या म्हाताऱ्यानं काय केलं? त्याला काढून टाकतील, हे तरी कळतंय ना तुला?”

ते तिला कळत होतं. सगळ्यात आधी तेच कळलं होतं.

साताऱ्याच्या बाहेरचं ते कॉलेज लांबूनच ओळखू येत होतं; कमानीवर फलक, फलकावर पाहुण्यांचे फोटो. दारात टेबल, टेबलामागं गजरा माळलेल्या मुली. वैजयंताला क्षणभर वाटलं, आपण चुकून पुढून आलो, आपली जागा टेबलाच्या पलीकडे. मुलीनं यादी बघून छातीवर लावायचं नाव हातात दिलं. त्यावर छापलं होतं, डॉ. वैजयंता मोहिते.

“मी डॉक्टर नाही अजून,” ती म्हणाली.

“असू द्या हो मॅडम,” मुलगी गोड हसली. “सगळ्यांच्याच पुढं घातलंय. कुणाला राग नको.”

ते तिनं उलटं करून लावलं.

उद्घाटन लांबलं. पाहुणे उशिरा आले, समई पेटेना, काडीमागून काडी विझत गेली, आणि वैजयंता खुर्चीत बसल्या बसल्या वातींकडं बघत होती, कोरड्या होत्या त्या. मग सत्कार, सत्काराला उत्तर, उत्तराबद्दल आभार. जेवणानंतर जाहीर झालं, की वेळ कमी असल्यामुळे प्रत्येकानं पेपर निम्म्या वेळात आटपावा. लोक बासुंदी पिऊन सुस्तावले होते. तिच्या सत्राच्या खोलीत पुढच्या रांगेत तिच्याआधी आणि तिच्यानंतर वाचणारे बसले होते, ओठ हलवत आपापलं पाठ करत. आणि शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात, पांढरा स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, पांढरी टोपी, पाय जुळवून, दोन्ही हात गुडघ्यांवर, हंबीरनाना.

त्यांनी तिला बघून मान हलवली. देवळात ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवतात तशी.

चारुशीलाबाईंनी तिच्या मनगटाला हात लावला. “वाच फक्त. जे लिहिलंय तेच वाच. मी हात जोडते.”

आणि वैजयंता खरंच वाचायला लागली. इंग्रजीत, स्वच्छ आवाजात, सूत्रसंचालनात कमावलेल्या त्या आवाजात. राख, वाळू, वाफ, प्रयोगशाळा. पुढचं पान. इतकी वर्षं दुसऱ्यासाठी दाबलेलं बटण ती स्वतःसाठी दाबत होती आणि तिला बरं वाटत होतं, हे तिला कबूल करावं लागेल. एक ओळ वाचली की वाटायचं, अजून एक, अजून एक, मग आपोआप संपेल. तो आलेख पडद्यावर आला. पुढच्या रांगेतल्या एकानं मोबाईल काढून त्याचा फोटो घेतला.

अध्यक्ष बेळगावहून आलेले वयस्क प्राध्यापक होते, सज्जन, डोळे मिटत आलेले. फोटोच्या आवाजानं ते जागे झाले आणि काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, की साचे फोडताना तुम्ही स्वतः हजर होता का.

साधा प्रश्न. होते, एवढं म्हटलं की संपलं.

वैजयंतानं शेवटच्या रांगेकडं बघितलं. नाना पुढं झुकून ऐकत होते, त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण कुणी लेकीला प्रश्न विचारलाय एवढं कळलं होतं आणि तिला उत्तर येणार याची खात्री होती.

ती म्हणाली, नव्हते. मग, एकदा दार उघडल्यावर, बाकीचंही तिनं इंग्रजीतच सांगितलं. साचे फोडायला ती कधीच हजर नव्हती, ही चूक तिची, दुसऱ्या कुणाची नाही. पहिली चाचणी सोडली तर हा आलेख तिला खरा म्हणता येत नाही. हा पेपर ती मागं घेते. जास्त नेमकं सांगायला हवं होतं, पण जास्त नेमकं सांगायचं म्हणजे नानांचं नाव घ्यायचं. तिनं वाक्य अर्धवटच सोडलं.

आता काहीतरी होईल, असं तिला वाटलं. कुणी उठेल, रागावेल, निदान विचारेल, का. ती खालमानेनं वाट बघत राहिली. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून टाळ्या आल्या. एकट्याच्या, कामाच्या तळहातांच्या, जड. ताईंचं बोलणं संपलं म्हणून नाना वाजवत होते. ते बघून पुढच्या रांगेनंही वाजवल्या.

अध्यक्षांनी मान डोलावली. छान, छान, प्रत्येक अभ्यासाला मर्यादा असतात, त्या प्रामाणिकपणे मांडल्या हे उत्तम, असं ते म्हणाले आणि घंटी वाजवली.

“सर, मी पेपर मागं घेतेय,” तिनं पुन्हा सांगितलं. आता मराठीत, जवळ जाऊन.

त्यांनी माईकवर हात ठेवला. “अहो मॅडम, प्रमाणपत्रं छापून झाली की. एवढ्या लांबून आलाय. घ्या. माझी साडेचारची गाडी आहे बघा.”

आणि एका मुलीनं तबकातून ते पुढं केलं, फोटोवाल्यानं इकडं बघा म्हटलं, आणि वैजयंता मोहिते यांनी पेपर सादर केल्याचं प्रमाणपत्र वैजयंता मोहिते यांच्या हातात आलं. पुढचा वाचक तोवर आपला पेनड्राइव्ह लावत होता.

ती मागं येऊन भिंतीशी टेकली. भर सभेत सांगून टाकलं, आणि सांगितलेलं कुठं पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. विहिरीत दगड टाकावा आणि पाणीच नसावं.

चारुशीलाबाई तिच्याजवळ आल्या. आवाज खाली होता, पण त्यात सकाळचा राग नव्हता. हातातून काही निसटलं आणि जमिनीवर पडून फुटलं नाही, असं बघितलेल्या माणसाची सुटका होती.

“झालं,” त्या म्हणाल्या. “सांगायचं होतं ना तुला? सांगितलंस. कुणी अडवलं? तुझ्या पोटात काही राहिलं नाही, त्यांच्या नोंदीत काही आलं नाही. हे सोमवारी प्रबंधाला जोड आणि देऊन टाक. बाकीचं विसर.”

“आणि तो आलेख?”

“आलेखाचं काय? कोण वाचतं, वैजयंता? माझा प्रबंध तू वाचलास? मी तरी परत उघडलाय?” बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. “शेवटची विद्यार्थिनी आहेस तू माझी. तुला असं अर्ध्यावर टाकून मला घरी जायचं नाहीये. जोडशील ना?”

वैजयंताला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. हो म्हणावंसं वाटलं. जून, नोकरी, सृष्टीची शाळा, फोनवर दर रविवारी “झालं का गं?” विचारणारे मानसिंग, सगळे त्या एका हो-पलीकडं रांग लावून उभे होते. तिनं तोंड उघडलंही. पण मध्ये नाना आले.

टोपी सारखी करत, लोकांच्या पायांतून वाट काढत, हसत. आधी त्यांनी चारुशीलाबाईंना वाकून नमस्कार केला, मग वैजयंताकडं वळले.

“लय झ्याक बोलला ताई. येकदा बी अडखळला न्हाई. त्यो म्हातारा साहेब तुमास्नी काय तरी आडवं इचारीत हुता, व्हय की न्हाई? पर तुमी अशी जिरिवली त्याची, की गप घंटाच वाजिवली त्यानं.” मग तिच्या हाताकडं बघून, “ह्योच का त्यो कागुद? बगू तरी.”

तिनं दिला. त्यांनी आधी तळहात शर्टाला पुसले. तळहातांच्या रेघांत काळी वाळू बसली होती ती, सणासुदीलाही निघत नाही अशी. कागद त्यांनी फक्त कडांनी धरला, डोळ्यांपुढं नेला, लांब धरला.

“आता तुमास्नी डाक्टर म्हनायचं,” ते म्हणाले. “सुभेदार पायजे हुते आज. म्या गावात सांगून आलूय समद्यास्नी. काल रातीच्याला पारावर बसलो हुतो, म्हनलं, आपल्या मान्यांची लेक उद्या डाक्टर हुतीया, आन तिच्या कामाला आपला बी हात लागलाय.”

चारुशीलाबाईंनी मान फिरवली.

वैजयंता नानांच्या हातातल्या कागदाकडं बघत होती. त्या हातांनी तिला एकदाही रिकामं जाऊ दिलं नव्हतं. त्या हातांना आता काय सांगायचं, हे तिला कुठल्याच भाषेत येत नव्हतं. सांगितलं असतं तर ते इथंच, या फरशीवर, खाली बसले असते. नाही सांगितलं तर कागद परत घ्यायला हात पुढं करावा लागणार होता.

तिनं लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली. छातीवरचं उलटं नाव काढलं आणि खुर्चीवर ठेवलं. मग नानांच्या पायांना हात लावला, भर खोलीत, आणि ते “आवं, आवं” म्हणत मागं सरेपर्यंत ती दाराकडं निघाली होती.

“ताई,” नानांनी मागून हाक मारली. कागद त्यांच्या हातातच होता, कडांनी धरलेला. “आवं ताई, ह्ये ऱ्हायलं की तुमचं. न्ह्यायचं न्हाई व्हय?”

वैजयंता दाराबाहेर पडली.